भोंग्याचं पथ्य

कुत्र्याच्या खाण्याची दुसरी पिशवीही भोंग्याला सोसली नाही.

सकाळी बैठकीचं दार उघडताच वासाचा असा भपकारा आला की तिनं नाक बाहीत खुपसलं. पायपुसण्यावर पिवळट पाणी सांडल्यासारखं पडलं होतं. भोंगा कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. तोंड बंद, पण पोटातली गुरगुर दारापर्यंत ऐकू येत होती.

"भुंकण्यावरून नाव ठेवलं होतं भोंगा," नवरा हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवत म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. "आता दोन्ही टोकांनी वाजतो."

ती हसली नाही. मग तोही गंभीर झाला.

"हे बघ, खालच्या मजल्यावरचे दोनदा येऊन गेले. महिनाअखेरपर्यंत पोट सुधारलं तर ठीक. नाहीतर माझ्या मित्राच्या गोदामावर सोडू. त्याला राखणीला कुत्रा हवाच आहे."

"तिथे दिवसभर साखळीला बांधतील त्याला."

"मग तूच सांग, काय करू?"

आतल्या खोलीत बाबा पलंगाच्या कडेवर बसून सगळं ऐकत होते. आई गेल्यावर ते लेकीकडे राहायला आले, ते एक ट्रंक आणि हे कुत्रं घेऊन. सगळी हयात वेल्डिंगच्या ठिणग्यांपुढे काढलेला माणूस. बोलणं आधीच कमी, आता तर विचारलं तेवढंच.

"त्याचा काही दोष नाही गं," ते एवढंच म्हणाले.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी भोंग्याचं पोट दाबून पाहिलं, हिरड्या पाहिल्या. नाजूक पोटाच्या कुत्र्यांसाठीचं एक खाणं त्यांनी लिहून दिलं. बारीक दाण्यांचं, कमी चरबीचं. कोमट पाण्यात भिजवून, दिवसातून तीन वेळा थोडं थोडं. "एकदम बदलू नका. आणि घरातलं काहीही नको. एक घाससुद्धा."

ती पडदे शिवण्याच्या कारखान्यात जायची. सकाळी आठला बाहेर पडली की संध्याकाळी सहालाच परत. म्हणून दुपारचं काम बाबांकडे. तिनं वाटी, चमचा, पाण्याचं माप सगळं दाखवलं. बाबांनी डोळ्यांना भिंग लावून पिशवीवरचं बारीक अक्षर शेवटपर्यंत वाचलं.

"मीठ नाही यात," ते म्हणाले.

"कुत्र्याला कशाला हवं मीठ?"

"नाही, तेच म्हणतो. बरं आहे."

दोन आठवडे गेले. पिशवी मापात संपत होती, पण भोंग्याच्या पोटाला काही उतार नव्हता. गॅस तसाच, जुलाब तसेच. ती पहाटे उठून फरशी पुसायची, खिडक्या उघडायची, खालच्या मजल्यावर कोणी भेटलं की मान खाली घालून जिना उतरायची. शिवताना दोनदा सुई बोटात गेली.

"हे खाणंही बदलू या आता," एका रात्री जेवताना ती म्हणाली.

"नको," बाबा एकदम बोलले. नवऱ्यानंसुद्धा मान वर केली. "हेच राहू दे. हे मानवतंय."

"कुठे मानवतंय, बाबा? सकाळीच तर पुसलं मी."

"वेळ लागतो. हे बंद करू नकोस." ताटातली भाजी चिवडत त्यांनी विषय संपवला.

शेवटी ती भोंग्याच्या शीचा नमुना घेऊन पुन्हा दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई सूक्ष्मदर्शकावरून उठल्या त्या चिडूनच.

"तुम्ही मला फसवताय की स्वतःला? यात वाटाण्याची सालं आहेत, कांदा आहे. कांदा विष आहे त्याला! मी दिलेलं खाणं याच्या पोटात पुरतं जातच नाही."

"पण पिशवी तर संपते हो."

"मग ते जातं कुठे, ते तुम्ही शोधा."

तिच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा आली ती वरच्या मजल्यावरची बाई. जिन्यात भोंग्याला हाका मारायची, उरलंसुरलं टाकायची. ती तडक वर गेली, दारात उभं राहून नाही नाही ते बोलली. त्या बाईचे डोळे भरून आले. "अगं, मी चार महिने मुलाकडे होते. परवा आले." ती तशीच खाली उतरली. माफीसुद्धा नीट मागता आली नव्हती.

महिना संपायला दोन दिवस उरले. नवऱ्यानं मित्राला फोन करून ठेवला. बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी भोंग्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं कारखान्यात अर्ध्या दिवसाची रजा टाकली. एकदा डोळ्यांनी बघायचं, मग काय व्हायचं ते होऊ दे. चपला बाहेरच काढून, आवाज न करता तिनं किल्ली फिरवली.

स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज येत होता. ती दाराआड थांबली. बाबांसाठी तिनं सकाळी झाकून ठेवलेलं ताट फरशीवर होतं आणि भोंगा त्यातली वाटाण्याची भाजी चाटूनपुसून खात होता. बाबा शेजारीच पाटावर बसले होते. मांडीवर भोंग्याची वाटी. कोमट पाण्यात भिजलेले दाणे चमच्यानं मऊ करत, एकेक घास ते सावकाश गिळत होते.

"आठ दिवस झाले रे," ते कुत्र्याला हळूच म्हणाले, "मला शौचाला रक्त पडलं नाही."