मिठागरावरचा ठिपका

ठिपका लाल झाला आणि चेमाच्या हातातला बुरिटो तोंडापाशी येऊन थांबला.

"चुकून दाबलं गेलं असेल, दाजी," तो म्हणाला. "आमची ताई पहिल्यापासून धांदरट."

हिलारियोच्या हातातल्या फोनवर वाळवंटाचा नकाशा होता आणि नकाशावर त्याच्या बायकोचा, ओफेलियाचा ठिपका. शर्यतीतल्या प्रत्येक मोटरसायकलवाल्याजवळ एक यंत्र असतं. ते कुठं आहे, हे घरच्यांना फोनवर दिसतं. ठिपका हिरवा असला की सगळं ठीक. बटण दाबलं की तो लाल होतो. मग कुणीतरी लवकर या, एवढाच त्याचा अर्थ.

ओफेलियाचं यंत्र जॅकेटच्या खिशात होतं. तो खिसा हिलारियोनंच छातीवर शिवला होता, पडलं तरी हात पोचावा म्हणून. सकाळी त्या जॅकेटवरून भांडण झालं होतं.

"उकडतं रे त्यात. बाळंतिणीसारखं काय गुंडाळतोस मला?"

"समुद्राचा वारा सुटला की कळेल. काहीही झालं तरी अंगातून काढायचं नाही. सांगून ठेवतोय."

हेल्मेट चढवण्याआधी तिनं त्याला जीभ काढून दाखवली होती.

आता वारा सुटला होता. विस्काइनो गावाच्या बाहेर, हमरस्त्याच्या कडेला, पिकअपपाशी दोघं तिची वाट पाहत उभे होते. पेट्रोलचे कॅन भरलेले होते. तिच्या वाटणीचा बुरिटो फडक्यात गुंडाळून इंजिनवर गरम ठेवला होता. ठिपका मात्र पश्चिमेच्या वाळूत गप्प पडून होता. तिथली माती पिठासारखी असते. पुढचं चाक त्यात रुतलं की माणूस फेकला जातो. शिवाय गाड्या उडताना बघायला मिळाव्यात म्हणून बघे कुठं कुठं खड्डे खणून ठेवतात. हिलारियोला सगळं एकदम आठवू लागलं.

बराच वेळ गेला. मग ठिपका हलला.

"उठली!" चेमानं त्याला मिठीच मारली. "बघा, दाजी, उठली! सांगितलं नव्हतं?"

हिलारियोनं घाईघाईनं पेट्रोलच्या कॅनचं झाकण सैल केलं. पुन्हा फोन पाहिला तेव्हा त्याला काही कळेना. ठिपका त्यांच्याकडे येतच नव्हता. तो उत्तरेला चालला होता.

"अगं, तिकडे कुठं?" तो फोनकडे बघून ओरडला. "इकडे, इकडे ये!"

"डोक्याला मार लागला असेल," चेमा हळूच म्हणाला. "मागं एक जण असाच पडला, उठला आणि गाडी उलटी हाणत सुटला होता."

"पण एवढ्या जोरात?"

ठिपका नाकासमोर सरळ चालला होता. वळणं नाहीत, थांबणं नाही. बघता बघता तो मिठागरात शिरला. हिलारियो त्या मिठागरात ट्रक चालवायचा. तिथला बांध न् बांध त्याला पाठ होता. ठिपका बांधावर नव्हता. खाऱ्या पाण्याच्या मधोमध होता.

"इथं गाडी चालत नाही," तो म्हणाला.

"मग ही कशी चाललीय?"

हिलारियोनं मान वर करून आभाळाकडे पाहिलं.

तेवढ्यात पिकअपमधला रेडिओ खरखरला. एक्केचाळीस नंबरला हेलिकॉप्टरनं उचललंय. शुद्ध नाही. गेरेरो नेग्रोच्या इस्पितळात नेतोय.

एक्केचाळीस नंबर ओफेलियाचा.

कॅन, हत्यारं, चाक, सगळं त्यांनी मागं फेकलं आणि पिकअप हाणली. चेमा चालवत होता. अर्ध्या वाटेवर हिलारियो म्हणाला, "सकाळी नीट खाल्लंही नाही तिनं." चेमानं वेग आणखी वाढवला. त्याचे गाल ओले होते.

इस्पितळात दारातच एक परिचारिका भेटली. एक्केचाळीस नंबर म्हणताच तिनं जॅकेट हिलारियोच्या हातात दिलं. छातीवर त्याचेच वेडेवाकडे टाके होते. बाहीवर रक्त होतं. चेमानं दंड धरून त्याला आत नेलं आणि पडदा सारला.

खाटेवर एक परका तरुण होता. मिसरूड फुटलेलं, पाय फळीला बांधलेला. डोळे अर्धवट उघडे.

हिलारियोनं खाटेखाली वाकून पाहिलं. का, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

"हे जॅकेट तुझ्याकडे कसं?" चेमानं विचारलं.

"त्या बाईंनी घातलं," तरुणाचे दात वाजत होते. "माझं यंत्र फुटलं होतं. त्यांनी स्वतःचं दाबलं. हेलिकॉप्टर येईपर्यंत बसून होत्या. झोपलास तर कानाखाली मारीन म्हणाल्या. मारलीपण."

"आणि मग? मग कुठं गेली?"

"शर्यतीत. आणखी कुठं?"

हिलारियोच्या हातातला फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"हिलारियो! कुठं उलथलात दोघं?" पलीकडे वारा घोंघावत होता. "शेजारच्या गाडीवाल्यांचा फोन मागून बोलतेय. विस्काइनोला रस्त्यावर उभी आहे. टाकीत थेंब नाही, पोटात घास नाही, नवरा जागेवर नाही. ऐकतोयस ना?"

त्यानं तोंड उघडलं. आवाज फुटला नाही.

"बरं, बरं, गप्प का ते कळलं," ती म्हणाली. "पण जॅकेटचं भांडण घरी गेल्यावर."