वळणावरची माघार

त्रेसष्ट सालचा माघ. राहू गावच्या शिवारात, उभ्या उसातून जाणाऱ्या एका गाडीपुरत्या वाटेवर, ऐन वळणाला हौसरावाची न् एडविनची गाठ पडली. दोन्ही बैलगाड्या उसानं गच्च भरलेल्या. एक कारखान्याला निघालेली, दुसरी गुऱ्हाळाला. मागं सरायचं तर अर्धा ऊस उतरवावा लागणार आणि आजची पाळी हुकणार. वळणापलीकडचं काही दिसत नव्हतं. नुसती बैलांची घुंगरं वाजत होती आणि दोघांचं ओरडणं चाललं होतं.

"एडविन, तू मागं घे!"

"आप्पा, तुम्ही घ्या की!"

शेवटी हौसरावानं शक्कल काढली. आपल्याला मागं सरताच आलं नाही, तर समोरच्याला सरावंच लागेल. त्यानं बैलं सोडली आणि गाडीवर बसलेल्या बायकोबरोबर उसातून घरी धाडून दिली.

आता हे एडविनला ओरडून सांगणार, तोच पलीकडची घुंगरं लांब लांब जाऊ लागली. हौसराव मिशीत हसला.

"सरलास न्हवं? न सरून करतोस काय! माझी बैलं कवाच घरी गेली!"

पलीकडून एडविनचा पडेल आवाज आला.



"आप्पा... आत्ता गेली ती नुसती बैलं. गाडी हितंच हाय."