पहिला श्वास

“दहापैकी किती दुखतंय?” शहापूरच्या दवाखान्यात नव्यानेच आलेल्या डॉक्टरांनी विचारलं.

“धा काय? टोपल्या?” धाकलू कण्हला. भाताच्या राबासाठी, वाफा भाजायला, फांद्या तोडताना तो ऐनाच्या झाडावरून पडला होता. मांडीचं हाड मोडलं होतं. पाय ओढून फळीला बांधल्याशिवाय त्याला ठाण्याला नेता येत नव्हतं, आणि पायाला तो बोट लावू देत नव्हता.

खर्डीच्या भागीरथी सिस्टर पुढे झाल्या. “मापानं सांग, दादा. पायली, का शेर?”

“शिगेची पायली गो, बाय!”

“चडताना काडायचा व्हता माप,” उशाशी बसलेली त्याची बायको, रखमी, पुटपुटली आणि पदर तोंडात धरून रडली.

डॉक्टरांनी मॉर्फिनची कुपी दहा सीसी पाण्यात पातळ केली. दोन सीसी शिरेतून सोडले आणि ते थांबले.

“सगळा देऊन टाका ना, सायेब,” रखमी म्हणाली.

“मग श्वासही झोपेल, बाई. थोडं द्यायचं, बघायचं, मग थोडं.”

पाच मिनिटांनी धाकलू म्हणाला, “अधोली.” पायलीची अर्धी झाली होती. पुन्हा दोन सीसी. मग, “शेर.” पुन्हा दोन.

खिडकीतलं ऊन कॉटवर चढलं. गुंगीत धाकलू अजून ऐनावरच होता, पण आता पडत नव्हता. फांदीच त्याला हळूहळू खाली उतरवत होती. जमीन काही येत नव्हती, आणि त्याला घाईही नव्हती.

“चिपटा...” शेराहूनही लहान माप सांगताना त्याचे ओठ जड झाले. तरी पायाला हात लागताच तो कळवळला.

सिस्टरांनी सिरिंज उचलली. डॉक्टर म्हणाले, “आधी श्वास. मिनिटाला दहाच्या वर असले तरच.”

“रखमी, छातीवर हात ठेव. मोठ्यानं मोज. घड्याळ मी बघते.”

रखमीने हात ठेवला. छाती खाली गेली ती गेलीच. मग तिचा तळवा सावकाश वर उचलला गेला.

“लाभ,” ती म्हणाली.

“एक म्हणा, एक.”

“पयल्याला एक नाय म्हणत, सायेब. खळ्यावर भाताचा पयला माप लाभच असतो.” तिने हात काढला नाही. “दोन... तीन...”

मिनिट भरलं तेव्हा ती तेरावर होती. डॉक्टरांनी एकच सीसी दिला, वाट पाहिली, मग पाय ओढला. धाकलूने नुसता हुंकार दिला. फळी बांधून झाली.

“झालं गो. उचल आता हात,” सिस्टर म्हणाल्या.

रखमीने नकारार्थी मान हलवली. तळव्याखाली छाती पुन्हा वर आली.

“लाभ.”