पायी जाण्याचे शब्द

“सान बू म्हणजे फेरफटका, आई. नातवाला शाळेत फेरफटक्याला नेणार आहात का? पायी जाणं म्हणजे झोउ लू.”

“तेच म्हटलं मी. लू झोउ.”

थोरल्या सुनेने कपाळाला हात लावला. महिनाभर ती सासूबाईंना चिनी शिकवत होती, तेही चालण्यापुरतं. सरळ जा, वळा, रस्ता ओलांडा. तरी पालथ्या घड्यावर पाणी.

चीनमध्ये नोकरीला असलेल्या धाकट्या मुलाची अटच तशी होती. तो आणि त्याची बायको दिवसभर ऑफिसात. सहा महिने पोराला शाळेत पायी ने-आण करायला घरचं माणूस हवं होतं, आणि त्याला वाट विचारता यायला हवी होती. रविवारी व्हिडिओ कॉलवर तो परीक्षा घेणार, मगच तिकिटं. सून सासूबाईंना तिकडे पोहोचवून आठवड्यात परत येणार होती.

आणि मग सहा महिने आमटीत बोट घालून मीठ चाखणारं कोणी नाही. या एका आशेवर ती भांडी घासतानाही शब्द घोकत होती. कारण सासूबाईंना रोज नवी शंका सुचायची.

“पूल लागला तर गं?”

सून शोधून काढायची, पाठ करायची, सांगायची. सासूबाई विसरायच्या.

“पुढून रस्ता बंद असला तर?”

पुन्हा तेच.

“तुम्ही मुद्दाम करता का हो?” शनिवारी ती वैतागून म्हणाली.

“डोकं म्हातारं झालं गं माझं,” असं म्हणत सासूबाईंनी पत्त्यांच्या डावात तिला सलग तिसऱ्यांदा हरवलं.

रविवारी कॉल लागला. धाकट्याने पहिला प्रश्न विचारला. सासूबाई छताकडे बघत बसल्या. सुनेचा जीव टांगणीला लागला. शेवटी न राहवून तिनेच उत्तर पुटपुटलं. दुसऱ्या प्रश्नाला ती पुटपुटलीसुद्धा नाही, सरळ सांगूनच टाकलं. पुलाचं, वळणाचं, बंद रस्त्याचं, सगळं घडाघडा.

“वा, वहिनी,” धाकटा म्हणाला. “आई, तू म्हणालीस तश्शी तयार झाली की ही.”

“मग?” सासूबाई म्हणाल्या. “काढ तिचं एकटीचं तिकीट. मलाही सहा महिने जरा निवांतपणा हवाय.”