उन्हाविना सावल्या

दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये पंचवीस वर्षं काढल्यावर हुसेनबीला स्वतःचं घर मिळालं. घरामागं, शेजाऱ्यांच्या दुमजली भिंतीलगत, दोन हात रुंदीची मातीची पट्टी होती. तिथं ऊन कधीच पोचत नसे. तरी हुसेनबीला कोण आनंद झाला होता.

“फुलझाडाचं नाव काढू नका, भाभी,” पाटस रोडचे नर्सरीवाले पोपटराव म्हणाले. “सावलीत अळू येतंय, नेचा येतोय. बाकी काय बी न्हाई.”

तिनं अळू आणि नेचा हौसेनं लावले. रोज सकाळी त्यांच्याशी बोलत पाणी घातलं.

आठव्या दिवशी दुपारी भिंतीवर पानांच्या सावल्या पडलेल्या दिसल्या. अगदी ठळक, हलणाऱ्या.

“अहो, आपल्याकडं ऊन आलं बघा,” तिनं नवऱ्याला हाक मारली.

सत्तार आला. त्यानं वर पाहिलं. शेजाऱ्यांच्या सज्ज्यानं आभाळ झाकलेलं होतं.

“ऊन कुठं हाय?” तो म्हणाला.

त्या दोघांच्या सावल्या पडल्याच नव्हत्या.

मग हुसेनबीला दिसलं. अळवाच्या सावलीमागून एका वेलीची सावली वर चढली होती, कळ्यांनी लगडलेली. खाली मातीत वेल नव्हतीच.

“हात लावू नको,” सत्तार हळूच म्हणाला.

पण तिच्या घरी आजवर एकही कळी धरली नव्हती. ती हसली आणि तिनं त्या सावलीवर बोट टेकवलं.

भिंत गार होती. बोटाखाली कळी एकेक पाकळी सोडत उमलू लागली.