आई आत, बाप बाहेर

"लातूर खोडा, मॅडम. नांदेड बी खोडा. गोंदिया वर घ्या, चंद्रपूर घ्या, समुद्राच्या कडंला एखादं असंल तर तेबी घ्या."

भीमाशंकर उभ्यानंच बोलत होता. मुखेडला त्याचं हार्डवेअरचं दुकान. दीड महिन्यानं आज सकाळच्या एसटीनं लातूरला आला होता आणि बसायला तयार नव्हता.

सुकन्यानं चष्मा कपाळावर सरकवला. मेडिकलच्या प्रवेशाला कोणती कॉलेजं कोणत्या क्रमानं भरायची, हे पोरांना आणि आईबापांना सांगण्यात तिची पंधरा वर्षं गेली होती. समोरच्या शिवलीलाचे मार्क असे, की लातूरची सरकारी जागा अलगद पदरात पडत होती. यादी संध्याकाळी पाचला लॉक करायची. एकदा लॉक झाली की ब्रह्मदेवालाही बदलता येत नाही.

"पोरगी आहे का पार्सल, अण्णा? दारात मिळतंय ते सोडून राज्याच्या टोकाला कशाला?"

"कारण इचारू नका. शपथ घातलीय मला."

"कुणी?"

त्यानं लेकीकडं पाहिलं. शिवलीलानं ओढणी मनगटावर ओढली, पण तेवढ्यात सुकन्याला दिसायचं ते दिसलं. सात-आठ दिवसांचा, पिवळा पडत आलेला वळ. तिनं बापाच्या राठ हातांकडं पाहिलं आणि मनातल्या मनात निकाल देऊन टाकला.

शेजारी पोरीची आई, महानंदा. नवरा दुकानावर सोडून दोन वर्षं लेकीच्या क्लाससाठी लातुरात खोली करून राहिलेली. मॅडमसाठी धपाटे करून घेऊन आलेली.

"ह्यांचं काय घेऊन बसलात," ती हसून म्हणाली. "ह्यांना पोरगी कोणत्या क्लासला हाय तेबी म्हाईत न्हवतं. सगळा अभ्यास म्या करून घेतला. टेस्टला मार्क घसरले की त्या दिवशी आमच्या खोलीत चूल पेटायची न्हाई."

अशी आई दिसली की सुकन्या विरघळायची. तिच्या ऑफिसचा नियमच होता: आई आत, बाप बाहेर. पोरीचं मन आईसमोरच मोकळं होतं, यावर तिचा देवापेक्षा जास्त भरवसा. त्र्याण्णवच्या भूकंपात भिंत अंगावर आली तेव्हा आई तिच्यावर पालथी पडली, ती उठलीच नाही. बापानं अंगणात उडी घेतली आणि पुढं वीस वर्षं सुखानं जगला.

"अण्णा, तुम्ही जरा बाहेर बसा."

"म्या बाहेर? मग हिलाबी काढा." त्यानं बायकोकडं बोट केलं. "पोरीला एकटीला इचारा, मॅडम. हात जोडतो."

"आईला बाहेर काढायचं पाप मी आजवर केलं नाही. चला."

तिनं दार लावून आतून कडी घातली. खुर्ची पोरीजवळ ओढली. "बाळा, तुझ्या मनात काय आहे ते सांग. घाबरू नको. आई आहे ना इथं."

महानंदानं लेकीची वेणी हातात घेतली आणि टोक बोटाला गुंडाळू लागली.

शिवलीला आईकडं बघून म्हणाली, "लातूर."

"खोली सोडणारच न्हाई मी," महानंदा म्हणाली. "शिक्षण होईस्तोवर हितंच राहू. दोघीच."

सुकन्यानं मोठ्यानं म्हणत लातूर एक नंबरला टाकलं, नांदेड दोनला. बाकीची गावं पुसली.

तेवढ्यात दाराची काच फुटली. रक्तानं माखलेला हात आत आला, कडी निघाली. भीमाशंकर सरळ बायकोवर गेला. केस धरून तिला ओढलं आणि टेबलाच्या कडेवर तिचं कपाळ आपटलं. सुकन्या मधे पडली, तर कोपराच्या दणक्यानं तिचा ओठ फाटला.

"लॉक करू नका! मॅडम, पाया पडतो, लॉक करू नका!" तो विनवण्या करत होता आणि बायकोला हाणत होता. दोन्ही एकदमच.

बाहेर नंबर लावून बसलेले बाप धावले. एकानं त्याचा गळा आवळला, दुसऱ्यानं पोटात गुडघा घातला. उदगीरहून आलेले एक गृहस्थ, एरवी मुंगीलाही वाट देणारा माणूस, ते चप्पल तुटेपर्यंत मारत राहिले. "बाईमाणसावर हात टाकतो, हरामखोर!" फरशीवर दात पडला. शिवलीला भिंतीला चिकटून "पप्पांना मारू नका, पप्पांना मारू नका" म्हणत होती. पण त्या गदारोळात तिचं कोण ऐकतं? शेवटी पोलीस आले आणि त्याला फरफटत घेऊन गेले.

पाचला दहा कमी. महानंदाच्या कपाळाला सुकन्याची ओढणी बांधलेली. मोबाईलवर आलेला ओटीपी तिनं वाचून दाखवला. आवाज जराही कापला नाही. सुकन्यानं यादी लॉक केली.

"झालं. आता कुणाच्या बापाला बदलता येत नाही."

महानंदा पाया पडायला वाकली. सुकन्यानं तिला वरच्या वर धरून पोटाशी घेतलं आणि फाटक्या ओठानं हसली. कितीतरी वर्षांनी तिला आईच्या अंगाचा वास आल्यासारखं झालं.

मायलेकी गेल्या. गुणपत्रक टेबलावरच राहिलेलं दिसलं, तशी सुकन्या ते घेऊन मागोमाग निघाली. जिन्याच्या वळणावर तिला खालून महानंदाचा आवाज आला, तोच मऊ, मायेचा.

"बापाला काय काय सांगितलंस गं?"

सुकन्यानं कठड्यावरून खाली पाहिलं. महानंदानं केसांतली पिन काढली, आणि शिवलीलानं न सांगता बाही वर केली.