जास्तीचं भोक

प्रदर्शनात हिरव्यागार रंगाची वीस कोळपी ओळीनं मांडली होती. "बैल जुंपा, तण साफ," प्रयोगशाळेचे साहेब सांगत होते. "माझाच शोध आहे." गर्दीत बायकोसोबत उभ्या लोहाराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन वर्षांपूर्वी त्यानं घडवलेलं कोळपं हेच साहेब "दोन दिवस बघायला नेतो" म्हणून घेऊन गेले, ते आज उगवले होते. त्यानं लोखंडावरून बोट फिरवलं. ते ओळखीच्या भोकात अडकलं. वीसच्या वीस कोळप्यांना तेच भोक. "हे कशाला, साहेब?" "त्यानं बैलाच्या मानेवरचा ताण कमी होतो. शास्त्र आहे, तुम्हाला नाही कळायचं." "कळतं की," लोहार म्हणाला. "मी भोक पाडताना हिनं जेवायला हाक मारली, हात सरकला. तुम्ही चूकसुद्धा सोडली नाहीत." बायको पुढे झाली. "मग शास्त्रात माझंही नाव घाला. हाक माझी होती."